जमिनीखाली जायच्या आधी

वडील गेल्यावर आई मुळशीत एकटी राहत होती आणि मी नोकरीसाठी दिल्लीत. फोनवर ती "बरी हाय" म्हणायची. मीही ते खरं धरायचो, कारण तसं धरणं सोयीचं होतं. शेवटी थोड्या दिवसांसाठी म्हणून तिला घेऊन आलो. तिनं कायमचं राहावं असं मनात होतं, पण ते म्हणायला मला तोंड नव्हतं.

तेव्हा दिल्लीत जमिनीखालची मेट्रो नवी होती. ती पाहून आई रमेल, असं मला वाटलं.

स्टेशनात तपासणीच्या यंत्रात तिची पिशवी गेली आणि पट्ट्यावर दही सांडत बाहेर आली. आत दहीभाताचा डबा होता. आमच्याकडे विहीर खणायची, पाया काढायचा, तर आधी जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला, दहीभात ठेवतात. त्याला न विचारता जमिनीच्या पोटात शिरणं आईला मंजूर नव्हतं.

मागे रांग खोळंबली. मी दबक्या आवाजात म्हणालो, "आई, टाक ते कचऱ्यात. लोक बघतायत."

"बगू देत. हितला जागेवाला कुटं बसतो, इचार त्या शिपायाला."

"इथं असलं काही नसतं."

"मग तू जा. मी भायेर जाते."

ती दाराकडे वळली. आता ही उद्याच मुळशीला निघणार, असं वाटून मी तिची वाट अडवली.

पट्टा पुसणारा शिपाई वैतागला होता, तरी त्यानं काय झालं ते विचारलं. मी शरमत सांगितलं. तो हरियाणातल्या खेड्यातला निघाला.

"हमारे गाँव में भी भूमिया है, माताजी," तो म्हणाला. "बाहर नीम के नीचे रख आओ. पर डब्बा वापस लाना, नहीं तो लोग बम समझेंगे."

"बग, ह्याला ठावं हाय," आई मला म्हणाली. "तूच लई सायेब झालास."

कडुलिंबाखाली तिनं भात ठेवला. मीही हात जोडले. मग आम्ही खाली उतरलो.

गाडी बोगद्यात शिरली तसा तिनं माझा हात धरला. "आपल्या धरणाचं पाणी असंच डोंगराखालनं कोकणात जातंय. गेलेलं परत येत न्हाई. ही गाडी येती का माघारी?"

"येते. दिवसभर ये-जा चालते."

"मग बरं हाय."

संध्याकाळी तिनं गावाकडच्या शेजारणीला फोन लावून घेतला. "माझी शेरडं दिवाळीपत्तुर सांभाळ गं. न्हाई, मला काय धाड भरलीय? पोरगं हितं एकटंच जेवतंय."