उलटा हत्ती

बुद्धिबळ हा शांत माणसांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी अमळनेरच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये दुपारच्या सुट्टीत एकदा डोकवायला हवं होतं. डबे बाजूला सारून, ऑइलने काळ्या झालेल्या हातांनी मेकॅनिक मंडळी एकमेकांच्या राजाला शह देत आणि वर घसा बसेस्तोवर भांडत. त्यांच्यात गुलाबभाऊंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची मुलगी संघमित्रा त्यांच्याच मांडीवर बसून खेळ शिकली आणि शाळकरी वयातच तिने बापावर मात केली. त्या दिवशी गुलाबभाऊंनी सगळ्या वर्कशॉपला जिलेबी वाटली. हरून एवढा खूश झालेला माणूस तिथे कुणी पाहिला नव्हता.

त्या पटाचे आपले कायदे होते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर होतो, पण पहिला वजीर अजून जिवंत असेल तर दुसरा आणायचा कुठून? मग मेलेला हत्ती उचलायचा, उलटा उभा करायचा, की झाला वजीर. यावर मात्र कधी भांडण झालं नाही.

संघमित्रा पुढे जळगाव, नाशिकच्या स्पर्धा गाजवू लागली. पाचोऱ्या-एरंडोलची पोरं तिच्यासमोर बसायला कांकू करायची. आई रुक्माबाईला मात्र पोरगी पायावर कधी उभी राहील याची काळजी. एकोणीस वर्षांखालच्या गटातलं शेवटचं वर्ष लागलं, तेव्हा आईने स्पष्टच सांगितलं, "हाई एक वरीस. राज्याना टीममा निवड व्हयनी ते खेळ. नही ते मंग नर्सिंगले जाय."

निवड स्पर्धा धुळ्याला होती. शेवटच्या फेरीत पुण्याची एक मुलगी समोर आली. हा डाव जिंकला तर संघात, नाहीतर घरी. दोरीपलीकडे प्रेक्षकांत गुलाबभाऊ उभे होते, हातातला रुमाल पिळत.

घड्याळात संघमित्राचे शेवटचे काही क्षण उरले होते आणि तिचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. तिथे वजीर आला की समोरच्या राजाला तिरपा शह, आणि पुढच्या चालीत मात. तिचा पहिला वजीर पटावरच होता. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडून दुसरा वजीर मागून घ्यायचा, हा नियम तिला तोंडपाठ होता. पण हाताला कुठे नियम पाठ असतात? हाताने बाजूला पडलेला हत्ती उचलला, उलटा ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

समोरच्या मुलीने पंचांना बोलावलं. पंच वाकले, त्यांनी बघितलं आणि हळूच म्हणाले, "बेटा, उलटा असला तरी तो हत्तीच."

हत्ती तिरपा चालत नाही. म्हणजे शह नव्हताच. समोरच्या मुलीने मोकळेपणाने आपली तयार ठेवलेली चाल केली आणि संघमित्राच्या राजावर मात झाली.

संघमित्राने दोरीकडे पाहिलं. गुलाबभाऊंनी मान खाली घातली होती.

अमळनेरच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. बराच रस्ता गेल्यावर गुलाबभाऊ म्हणाले, "तुनं काही चुकनं नही, पोरी. मीच तसं शिकाडं तुले."

"नाही हो पप्पा," एवढंच तिला म्हणायचं होतं. पण तेव्हा ती रागाने नुसती पेटली होती. तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

संघमित्रा नर्स झाली. आता धुळ्यातच नोकरी करते. ज्या हॉलमध्ये ती हरली, त्याच्यासमोरून रोज जाते आणि रोज पलीकडच्या फुटपाथने जाते. गुलाबभाऊ रिटायर झाले. त्यांनी पटाला पुन्हा हात लावला नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती नवा पट घेऊन आली. त्यात दोन्ही रंगांचे दोन-दोन वजीर होते. "या पप्पा, एक डाव," ती म्हणाली. नाही-होय करत ते बसले. खेळाची सवय सुटली होती, पण डोकं तेच. बघता बघता त्यांनी तिला कोंडीत धरलं. त्यांचं एक प्यादं शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं.

संघमित्राने दुसरा वजीर त्यांच्यासमोर ठेवला. "ढकला ना पुढे."

त्यांनी वजिराकडे पाहिलं. प्याद्याला हात न लावता आपला राजाच उगाच एक घर मागे घेतला. पुढच्या चालीलाही तेच. आणि त्याच्या पुढच्याही.

बसमध्ये न बोललेलं वाक्य आज बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण गुलाबभाऊ पटावरून उठले होते आणि नवा वजीर डब्यात ठेवत होते, सरळ, नीट उभा.