एकही थेंब आत येऊ नये, ही विनंती

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात गावदेवीवरचा माझा विश्वास डळमळला होता, आणि त्याला निमित्त झाली होती एक गळकी गाडी. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण माझी हयात इतरांची गाऱ्हाणी योग्य शब्दांत मांडण्यात गेली आहे. पनवेलच्या कचेरीबाहेर माझे टेबल आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले, तरी माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही, असे लोक म्हणतात, आणि ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. विषय, संदर्भ, हकीकत आणि शेवटी स्पष्ट मागणी, या चार पायांवर अर्ज उभा राहतो. मागणी मोघम असेल तर साहेब काय करणार आणि देव तरी काय करणार, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

आमचे घर रोडपालीचे. आज जिथे इमारतींच्या रांगा आहेत तिथे माझ्या लहानपणी मिठागरे होती. उन्हाळ्यात पांढऱ्या राशी डोळ्यांत खुपत, आणि संध्याकाळी खाडीवरचा वारा सुटला की ओठांवर आपोआप चव येई. माझे वडील मिठागरात राबले आणि पुढे त्यांनी मिठाच्या गोणी वाहण्यासाठी एक जुनी पिकअप गाडी घेतली. ती तेव्हाच म्हातारी होती. तिचे बॉनेट आजच्या गाड्यांसारखे पुढून उघडत नसे. मधोमध लांब बिजागरी, आणि दोन्ही बाजूंनी पक्ष्याच्या पंखांसारखी झाकणे. पावसाळ्याच्या तोंडावर वडील आईच्या खराट्यातली एक हीर ओढून काढीत, एक पंख उचलून आत वाकत आणि दात कोरल्यासारखे काहीतरी करीत बसत. आई ओसरीवरून ओरडे, "माजा खराटा सपवता का आता?" वडील म्हणत, "तुजे खराट्याला लय हिरी हान. माजे गाडीला दोनच कान हान." आम्ही भाऊ हसायचो. वडिलांचा तो एक चाळा आहे, एवढेच मला वाटत असे. विचारावेसे कधी वाटले नाही, आणि नंतर विचारायला वडील राहिले नाहीत.

या गाडीशी आमच्या घरचा एक नेम बांधलेला होता. मी आईच्या पोटात असताना वडील उरणजवळच्या मोऱ्याच्या बंदरातून मिठाच्या मचव्यावर गेले आणि वादळात सापडले. दोन दिवस पत्ता नव्हता. आईने दर्याला शब्द दिला की माणूस परत आला तर दर नारळी पौर्णिमेला मोऱ्याच्या धक्क्यावर नारळ देईन. वडील आले. पुढे गाडी घरात आली तेव्हा त्यांनी सांगितले की हा नारळ आता याच गाडीतून जाईल, ती चालते तोवर. गोणी वाहणे थांबले, मिठागरे बुजली, वडील गेले, पण वर्षातून एकदा ती गाडी मोऱ्याला जात राहिली. चालवणारा मी, शेजारी मांडीवर नारळ घेऊन आई.

त्या वर्षी आईचे हृदय फार अशक्त झाले होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले की फार लांबचे बेत करू नका. आईला कोणी काही सांगितले नव्हते, तरी तिने मला जवळ बसवून म्हटले, "बाला, या वक्ताला नारल माजे हातानं दर्यान परल पायजे. मंग तुमी काय ते करा." मला सारे समजले. अडचण एवढीच होती की मागची दोन वर्षे गाडी पावसात वाटेतच बंद पडत होती. बॉनेटच्या बिजागरीतून पाणी ठिबकायचे ते नेमके इंजिनात करंट वाटणाऱ्या काळ्या टोपीवर, आणि ती भिजली की इंजिन निपचित. माझ्या धाकट्या भावाची नवीकोरी गाडी दारात उभी असते. तो म्हणाला, "दादा, तुजी ती गारी नाय, चालती पानपोय हाय. आयला माजे गारीन बसव. आनि यंदा जर ती वाटंन बंद परली ना, तर भंगारवाल्याला मीच फोन करीन." आई एवढेच म्हणाली, "नारल तुजे बापाचे गारीतूनच जाल."

मग मी ते काम अंगावर घेतले. ज्येष्ठात सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून बसलो. बिजागरीच्या फटीत डांबर भरले, कडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. बिजागरीच्या खाली एक अरुंद पन्हळ दिसली आणि तिच्या दोन्ही टोकांना बोट जाणार नाही एवढे एकेक भोक. हेच ते चोर, असे मी मनाशी ठरवले. दोन्ही भोके लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, आणि मेण घालून बुजवून टाकली. वरून दहा तांबे पाणी ओतून पाहिले. आत थेंब नाही. त्या दिवशी मला माझ्या हातांचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

तरीही मनात धाकधूक होती. म्हणून आषाढात मी गावदेवीच्या नावे रीतसर अर्ज लिहिला. विषय: वडिलोपार्जित वाहनात पावसाचे पाणी शिरत असल्याबाबत. हकीकत सविस्तर लिहिली. शेवटी मागणी: सदर वाहनाच्या बॉनेटमधून एकही थेंब आत येऊ नये, ही नम्र विनंती. खाली सही केली, चार घड्या घातल्या आणि देवीच्या पायाशी फुलांखाली ठेवला. दोनच दिवसांनी मोठा पाऊस झाला. अंगणात उभी असलेली गाडी सुरू करून पाहिली, तर आठ-दहा मिनिटांनी तिने आचका दिला आणि ती थांबली. आत पाहतो तर काळी टोपी ओली. मी पुन्हा डांबर चढवले. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. एवढी सुस्पष्ट मागणी करूनही देवी ऐकत नाही, मग तिथे कोणी आहे तरी का, हा विचार त्या दिवसांत माझ्या मनात आला. आईपुढे मी तो बोललो नाही. देवळाकडे जाणे मात्र बंद केले.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी उघडीप होती. भरती दुपारची. भरती उतरण्याआधी धक्क्यावर पोहोचायचे होते, कारण आई ओहोटीच्या पाण्यात नारळ टाकीत नसे. तिने नारळीभाताचा डबा करून घेतला होता. नारळ दर्याला दिल्यावर नैवेद्य दाखवायचा आणि मगच आपण खायचे, असा आमचा नेम. पुढे आमची गाडी आणि मागे भावाची, असे आम्ही निघालो. "ढकलाया मी हायच," तो हसत म्हणाला. जासईच्या पुढे आभाळ फाटले. वायपरला काही सुधरेना. एस.टी.च्या थांब्याजवळ गाडीने तोच ओळखीचा आचका दिला आणि ती उभी राहिली.

भाऊ छत्री घेऊन धावत आला. "आय, चल माजे गारीन. भरती थांबाची नाय." आईने नारळ दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि मान हलवली. तिचे ओठ निळसर दिसत होते. मी एका हाताने ताडपत्री वर धरून बॉनेटचा पंख उचलला. इंजिनाच्या उष्णतेने डांबर मऊ होऊन फाटले होते आणि पाणी वरून खाली येतच होते. मी चिंधीने पुसत होतो आणि पुसलेले पुन्हा भिजत होते.  ज्याने इतरांसाठी हजारो वेळा 'विनंती' लिहिले, त्याला स्वतःसाठी एक अक्षर सुचेना. "मला जमत नाही, आई," एवढेच तोंडून निघाले. ते मी माझ्या आईला म्हणालो की देवीला, हे मला आजही सांगता येत नाही.

थांब्याच्या छपराखाली रस्ता झाडणारी एक बाई उभी होती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात खराटा, पायांत दोन वेगळ्या जोडांतल्या चपला. ती आमच्याजवळ आली, वाकून आत पाहिले आणि बोट दाखवून विचारले, "साहेब, ह्या नालीचं तोंड कुनी बुजवलं वो?"

"मी," मी म्हणालो.

"कशापायी?"

"पाणी येऊ नये म्हणून."

ती हसली. "पानी काय तुमाला इचारून येतंय व्हय? येनारच की. जायाला वाट नको का त्येला? नाली तुंबली की पानी घरातच शिरनार."

एवढे बोलून तिने खराट्यातली एक हीर ओढून काढली.

मी ताडपत्री तिच्या डोक्यावर धरली. पन्हळीच्या टोकाला तिने ती घुसवली, फिरवली, आणि माझे मेण आणि लांबी गोळा होऊन बाहेर आली. पन्हळीत साचलेले पाणी एका दमात बाजूने रस्त्यावर वाहून गेले. मग दुसरे टोक. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या अंगणात एक पंख उचलून वाकलेली वडिलांची पाठ मला त्या पावसात जशीच्या तशी दिसली. दोनच कान हान, ते म्हणायचे. ज्याने हे वाहन बनवले त्याने पाणी येणार हे धरूनच बनवले होते, आणि वडिलांना ते ठाऊक होते. मिठागरातला माणूस, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची वाट, ठेवल्याशिवाय बांध टिकत नाही हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. मीही त्याच बांधावर वाढलो होतो. पण अर्ज लिहिता लिहिता मी फक्त अडवायचे शिकलो होतो.

मी काळी टोपी काढून खिडकीशी नेली, तेव्हा आईने आपला कोरडा पदर पुढे केला. त्या पदराने मी ती पुसली, परत बसवली, बॉनेट मिटले, आणि दुसऱ्या प्रयत्नात इंजिन बोलू लागले. पाऊस तसाच होता. बिजागरीतून पाणी आत येत होते आणि दोन्ही कानांतून बाहेर जात होते. आई म्हणाली, "ररून मोकली झाली बिचारी." भाऊ चेष्टा करायचे विसरून गेला होता.

बाई वळून जायला लागली तेव्हा आईने तिला थांबवले आणि नारळीभाताचा डबा तिच्या हातात दिला. मी नकळत बोललो, "आई, अजून नैवेद्य दाखवायचाय."

आई म्हणाली, "झाला दाखवून."

मोऱ्याच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पाणी काठोकाठ होते. भाऊ एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, आणि मधे आई. तिने नारळ कपाळाला लावला आणि स्वतःच्या हाताने सोडला. तो थोडा वेळ तरंगत आमच्याकडेच पाहिल्यासारखा राहिला आणि मग लाटेने घेतला. परतताना ती गाडीत माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली. बॉनेटच्या बाजूने पाण्याची बारीक धार रस्त्यावर पडत होती आणि मला ती बंद व्हावी असे वाटत नव्हते.

पुढे कितीदा तरी मी त्या थांब्यावर उतरलो. झाडणाऱ्या बायकांना विचारले. माणसे बदलत असतात, असे त्या म्हणाल्या. मी तिला देवी म्हणत नाही. तिच्या हातातला खराटा खरा होता आणि पायांतल्या चपला वेगवेगळ्या होत्या. माझी लेखी मागणी मात्र नामंजूर झाली होती, हे मी जाणतो. थेंब आत यायचा तो आलाच. जे मागायचे मला सुचलेही नव्हते, ते मिळाले.

आईने पुढचा श्रावण पाहिला नाही. ती गेली त्या दिवशी मी स्वतःला सांभाळायला गेलो नाही. जे आत आले ते वाहू दिले. त्या वर्षीचा नारळ मी आणि भाऊ त्याच गाडीतून घेऊन गेलो. निघण्यापूर्वी भावाने न सांगता घरातल्या खराट्यातली एक हीर आणून माझ्या हातात ठेवली होती. ती आता माझ्या टेबलावर, लेखण्यांच्या डब्यात उभी असते. आजही मी लोकांचे अर्ज लिहितो आणि मागणी स्पष्टच लिहितो, कारण साहेबांपुढे तसे लिहावेच लागते. संध्याकाळी गावदेवीपुढे उभा राहतो तेव्हा खिशात कागद नसतो. हात जोडतो, आणि मागणीची जागा कोरी सोडतो.