गाडीचं पोट

माझ्या छोट्या गाड्या बघायला कुणी आलं की ते वरूनच बघतं. बोनट, दिवे, कॅबिनचा दरवाजा उघडतो का, एवढंच. मग मी गाडी उलटी करून हातात देते. खाली शाफ्ट आहे, स्प्रिंगचे पाटे आहेत, ग्रीस भरायच्या निप्पलच्या जागी मोहरीचे दाणे चिकटवलेले आहेत. "हे कोण बघणार?" असं सगळे विचारतात. त्याचं उत्तर माझ्या पहिल्या गाडीत आहे, आणि ती मी चुकवली होती.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा मी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन तिथे आले. मुलगा डंपरचा डायवर आहे, असं मध्यस्थानं सांगितलं आणि तेवढ्यावर बाबांनी सुपारी फोडली. आमच्या गावात तोवर बैलगाडीपलीकडे कुणी काही चालवलं नव्हतं. एका खोलीचं क्वार्टर, दहा वाजेपर्यंत उरकलेला स्वयंपाक आणि दारासमोर दिवसभर लाल मुरमाची धूळ. डंपर मात्र कारखान्याच्या आत, आणि गेटच्या आत बायकांना मज्जाव. आपला माणूस दिवसभर कशावर बसतो, हे मला कळायलाच हवं होतं. नुसतं ऐकून माझं कधी भागलं नाही. माहेरी मी भावंडांना तान्ह्या पोळ्याचे बैल कोरून द्यायची, त्यामुळे हाताला सवय होती. ठरवलं, डंपर बनवायचा.

माप असं धरलं, की यांचा एक हात म्हणजे माझं एक बोट. बांबूच्या कामट्यांची चासी, तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा हौदा, झिजलेल्या चपलांच्या रबराची चाकं, चिकटवायला बाभळीचा डिंक. बाकीचं हे जेवायला बसले की विचारायचं.

"चाक केवढं हाय?"

"माह्या छातीपरेंत."

सांगायचेही अगदी मन लावून. फक्त वर्णन नेहमी मागून सुरू व्हायचं. आधी मागच्या चाकांमधला लोखंडी गोळा, मग लांब शाफ्ट, मग गिअरपेटी. कुठल्या सांध्याला ग्रीस लागतं ते बोटांवर मोजून दाखवायचे. सीटसमोर मीटर किती, असं विचारलं की मात्र "हायेत दोन-चार" म्हणून भाताकडे वळायचे. यांच्या शर्टाची पाठ रोज काळीकुट्ट असायची. गाडीची सीट पुसत नसतील, असं म्हणत मी तो शर्ट सोड्यानं घासत बसायची. डोळे असून आंधळी, दुसरं काय.

"स्टेरिंग कोण्या बाजूनं?"

"उजव्या हाताले."

तांब्याच्या तारेचं स्टेरिंग करून मी ते उजवीकडे बसवलं. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी बायकापोरांना आत सोडतात, असं शेजारणीनं सांगितलं होतं. "तुमाले स्टेरिंगवर बसलेलं पाहीन मी त्या दिवशी," असं माझं सारखं चालू. यावर हे म्हणायचे, "लई गर्दी रायते. कायले येते तू?"

पूजेला चार दिवस असताना एक डंपर कधी नव्हे तो गेटबाहेर आमच्या नळावर येऊन थांबला. रेडिएटरला पाणी हवं होतं. बादली तिथेच सोडून मी त्याला चक्कर मारली. परदेशातून आलेली गाडी ती, कारखान्यातले सगळे डंपर तसलेच. ड्रायव्हर डावीकडे बसला होता आणि स्टेरिंगही डावीकडेच होतं.

मला संताप आला. त्या तारेच्या स्टेरिंगपायी माझ्या दोन दुपारी गेल्या होत्या. राग ओसरला तरी प्रश्न काही जाईना. जो माणूस रोज त्या सीटवर बसतो, त्याला डावं-उजवं कसं कळत नाही?

घरी आले तर माझ्या डंपरचा खालचा एक सांधा सुटलेला. तो बघायला मी जमिनीवर उताणी पडले आणि गाडी तोंडावर धरली. चाकं माझ्याकडे, बोनट डोक्याच्या दिशेला. गाडीची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला आली.

मी तशीच पडून राहिले. मागून पाठीवर सरकत आत गेलेल्या माणसाला आधी तो गोळा दिसणार, मग शाफ्ट, मग गिअरपेटी. आणि स्टेरिंगचा दांडा त्याच्या उजव्या हाताला येणार. शर्टाची पाठ काळी होणार. हे रोज डंपरखाली पडून ग्रीस भरत होते. चालवणारा दुसराच कोणी होता.

फसवलं गेल्याचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. बाबांचा चेहराही डोळ्यांसमोर आला. पण स्टेरिंगचं यांनी खोटं सांगितलं नव्हतं, जसं दिसलं तसं सांगितलं होतं. डायवर हा शब्द मध्यस्थाचा, यांना तो खोडायचा धीर झाला नाही. गाडीचं सगळं पोट तोंडपाठ असलेला माणूस इतके महिने माझ्यासमोर भीत भीत जेवत होता, याचं मला जास्त वाईट वाटलं. आणि पूजेला चार बायकांदेखत मी "तुमची गाडी कोणती" असं विचारलं असतं, तर त्यांनी तोंड कुठे लपवलं असतं?

स्टेरिंग उपटून मी डावीकडे बसवलं. पूजेच्या सकाळी हे चहा पीत होते, तेव्हा गाडी उलटी करून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"पाहा बरं, काही राह्यलं का."

त्यांनी एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. कान लाल झाले होते. मग पुढच्या चाकाजवळ नख टेकवून म्हणाले, "इथं एक निप्पल राह्यलं."

मी मोहरीचा दाणा आणि डिंक आणून दिला. त्यांनीच तो चिकटवला. मग गाडी सुलटी केली आणि स्टेरिंगकडे बघत राहिले.

"तुले कसं समजलं?"

"मी बी खाली पडून पाह्यलं."

त्यांनी उरलेला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"चाल मंग पूजेले," म्हणाले. "नवं लुगडं नको नेसू. खाली ग्रीस लागते."