पस्तीस खुणा आणि सात लगोऱ्या

खूणमास्तरांना राग येतो तो फक्त दगडांचा. माणसांवर ते चिडत नाहीत आणि बायकोवर चिडायची त्यांची छाती नाही. पण डोंगरावर कुणी चार दगड एकावर एक ठेवलेले दिसले, की अठ्ठावन्न वर्षांच्या या सज्जन गृहस्थाच्या कानाच्या पाळ्या लालबुंद होतात.

मास्तर हे आपलं गावाने दिलेलं नाव. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, आणि खरं सांगायचं तर शाळेत ते फारसे शिकलेही नाहीत. गावापासून वरच्या खिंडीपर्यंत जाणाऱ्या जुन्या पायवाटेवरच्या दगडी खुणा सांभाळणं, हे त्यांचं काम. खेचरांवर माल लादून व्यापारी जात, त्या काळातली ही वाट. त्यांच्या मुक्कामासाठी बांधलेलं दगडी घर खिंडीत अजून उभं आहे. ते बघायला, चढायला, वाऱ्यात बसून डबा खायला लोक लांबून येतात. वर धुकं उतरलं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. म्हणून जुन्या माणसांनी वाटेवर एकेका हाकेच्या अंतरावर पस्तीस खुणा रचल्या. खूण कमरेइतकी उंच, बुडाशी ऐसपैस, माथ्यावर एक चपटा दगड आणि त्या दगडाचं टोक पुढच्या खुणेकडे. धुक्यात माणसाने दगडाला हात लावायचा, टोक चाचपायचं आणि नाकासमोर चालत सुटायचं. आजोबांनी त्या सांभाळल्या, वडिलांनी सांभाळल्या, आता मास्तर सांभाळतात. थंडीत दगड सरकतात. थंडी सरली की मास्तर पहार घेऊन त्यांना परत जागेवर बसवतात.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग फिरायला येणाऱ्यांना दगड रचायचा छंद लागला.

हात रिकामा दिसला की ही मंडळी दगड उचलत. मोठ्यावर मध्यम, मध्यमावर लहान, त्यावर गोटी. शेजारी उभं राहून फोटो, डोळे मिटून फोटो, मग डबा आवरून घरी. रचलेला मनोरा मात्र तिथेच, वाटेशी काडीचा संबंध नसलेल्या जागी. गेल्याच वर्षी अशाच एका मनोऱ्यावर भरवसा ठेवून एक नवराबायको दलदलीत शिरले होते. त्यांना बाहेर काढायला चार तास लागले, आणि त्यातले दोन तास ते एकमेकांशी भांडत होते.

“खूण नाही ती, लगोरी आहे लगोरी!” मास्तर म्हणत. पण तोंडावर कुणाला बोलायचा स्वभाव नाही. ते मोठ्या खडकाआड दबा धरून बसत, मंडळी गेली की बाहेर येत आणि लगोरी पाडत.

“शोभतं का हे?” बायको विचारायची. “लोक काय म्हणतील? म्हातारा लपून बायाबापड्यांकडे बघतो!”

“अगं, मी दगडांकडे बघत असतो.”

“ते मला माहीत आहे. माझ्याकडे तरी कुठे बघता?”

यावर मास्तर पहार उचलून डोंगराकडे सटकायचे.

त्या वर्षी मात्र गोष्ट लपाछपीपुरती राहिली नाही. दगडी घरापर्यंत गाड्या जातील असा रस्ता काढायचं ठरत होतं. रस्ता जुन्या वाटेवरूनच जाणार, म्हणजे यंत्र फिरणार आणि पस्तीसच्या पस्तीस खुणा खडी होऊन जाणार. वाट जतन यादीत गेली तरच हे टळणार होतं. त्यासाठी कार्यालयातून एक तपासनीस बाई यायच्या होत्या. त्या वाट चालणार, खुणा मोजणार, प्रत्येक खुणेची जागा हातातल्या यंत्रात नोंदवणार. फाइलमध्ये पस्तीस लिहिलंय, तर पस्तीस भरल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी यादी ठरवायची बैठक.

निघताना बायकोने मास्तरांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं आणि बजावलं, “हे बघा, बाई शिकलेल्या आहेत. मध्ये मध्ये शहाणपण शिकवू नका. विचारलं तर बोला. नाही तर तोंड बंद.”

“बंद,” मास्तर म्हणाले.

तपासनीस बाई चालायला काटक, बोलायला गोड आणि कामाला घाईच्या होत्या. पहिल्या बारा खुणा झटपट झाल्या. बाई यंत्रावर टिचकी मारत, “छान!” म्हणत आणि पुढे निघत. बाईंची पिशवी खांद्याला अडकवून मागून चालणारे मास्तर प्रत्येक ‘छान’ला थोडे थोडे फुलत होते.

मग पठार आलं.

आदल्या दिवशी मास्तरांनी पठार झाडून घ्यावं तसं साफ केलं होतं. पण पहाटेच कुणीतरी हौशी टोळी वर येऊन गेली होती. पठारभर लगोऱ्याच लगोऱ्या! उंच, ऐटबाज, लग्नाला निघाल्यासारख्या. त्यांच्यापुढे मास्तरांच्या खऱ्या खुणा म्हणजे शेवाळ चढलेले, बुटके, गवतात अर्धे बुडालेले ढिगारे. बाई तडक पहिल्या लगोरीपाशी गेल्या.

“तेरावी! काय सुंदर आहे हो!” टिचकी.

मास्तरांचं तोंड उघडलं. मग त्यांना बटण आठवलं. त्यांनी तोंड मिटलं.

चौदावी लगोरी. टिचकी. मास्तर खाकरले. “सर्दी झालीय का काका?” बाईंनी मायेने विचारलं. “नाही,” मास्तर म्हणाले. विचारलं तेवढंच. पंधरावी, सोळावी. मास्तरांनी स्वतःची समजूत काढली: आकडा तर जुळतोय ना? कागदावर पस्तीस भरल्या की झालं. वाट वाचेल, कागद कपाटात जाईल, लगोऱ्या उद्या आपण पाडू. सतरावी, अठरावी. कान एव्हाना इतके तापले होते, की डोंगरावरचा बोचरा वाराही बरा वाटत होता.

एकोणिसावी लगोरी पार कड्याच्या काठावर होती.

“हिचाच फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर लावायचा,” बाई खूश होऊन म्हणाल्या. “आणि काका, या सगळ्या जागा नकाशावर जाणार बरं का. फिरायला येणाऱ्यांच्या फोनमध्ये! धुकं असलं तरी फोन बरोबर इथे आणून सोडेल.”

मास्तरांनी कड्याखाली पाहिलं. खाली दोनशे हात नुसती हवा होती.

पुढे काय झालं ते मास्तरांनाही नीट सांगता येत नाही. त्यांचा पाय उचलला गेला, एवढं खरं. लगोरी धडाधड कोसळली.

“अहो!” बाई किंचाळल्या. “पुरातन खूण पाडलीत तुम्ही! माझ्या डोळ्यांदेखत!”

“पुरातन?” इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं मास्तरांच्या तोंडून बाहेर पडलं. “डोंबलाची पुरातन! आज सकाळची आहे ती! तो खालचा दगड उचला. उचला म्हणतो!”

बाईंनी घाबरून दगड उचलला. खाली बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता. बाई शिस्तीच्या, त्यांनी त्यावरची तारीख वाचली. पुडा बांधून तीन आठवडे झाले होते.

बाईंनी कागदाची नीट घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, “आणि तेरावी?”

“लगोरी.”

“चौदावी?”

“तेरापासून एकोणीस, सगळ्या लगोऱ्या.”

“अहो काका, मग आधी का नाही बोललात?”

“बायकोने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.”

बाई मटकन खाली बसल्या. त्यांनी सातही नोंदी यंत्रातून खोडल्या. मास्तर उत्साहाने म्हणाले, “चला, आता खऱ्या दाखवतो. जवळची तर दहा पावलांवर आहे.” पण यंत्र अडून बसलं. एकदा खोडलेला क्रमांक वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय पुन्हा भरता येत नाही, असं ते म्हणत होतं. पंधरा दिवस लागणार होते आणि बैठक उद्या होती.

“त्या नोंदी तशाच ठेवल्या असत्या तर पस्तीस भरल्या असत्या,” बाई कुरकुरल्या.

“आणि लोक कड्यावरून गेले असते.”

“हो,” बाई म्हणाल्या. “तेही आहेच.”

उरलेल्या सोळा खुणा त्यांनी मास्तरांना विचारून विचारून नोंदवल्या. परतताना पठारावर धुकं आलं. मास्तर पुढे जाऊन हाक मारत, बाई हाकेच्या रोखाने येत. एका बुटक्या ढिगाऱ्यावर हात ठेवून, चपट्या दगडाचं टोक चाचपत बाईंनी विचारलं, “हीच का हो खरी एकोणिसावी?”

“हीच.”

“दिसायला अगदीच ही आहे.”

“दिसायला कशाला हवी? धुक्यात दिसतंय कुणाला?” मास्तर खेकसले. बाईंवर खेकसलो हे लक्षात येऊन ते स्वतःच दचकले. पण बाईंनी पुढच्या हाकेला निमूट ‘ओ’ दिली.

महिन्याभराने कार्यालयाचं पत्र आलं. बायकोने ते चुलीजवळच्या उजेडात मोठ्याने वाचलं. जुन्या वाटेवरच्या अठ्ठावीस खुणा आणि त्यांमधली वाट जतन यादीत घेण्यात आली आहे. पठारावरील भागात खुणा आढळल्या नसल्याने तेवढा भाग यादीबाहेर असून तिथे रस्ता करण्यास हरकत नाही.

बायकोने पत्र पुन्हा वाचलं. मग तिला हसू फुटलं, ते थांबेना.

“हसतेस काय? पठार गेलं!”

“अहो, कुठे गेलं? पठाराच्या खालची वाट यादीत, वरची वाट यादीत. दोन्हीकडे रस्त्याच्या यंत्राला मनाई. मग ते पठारावर जाणार कुठून? आकाशातून टाकणार आहेत का? वाचली की हो तुमची वाट!”

मास्तरांनी पत्र हिसकावून घेतलं. बोट फिरवत दोनदा वाचलं. बायको म्हणत होती ते खरं होतं. यंत्र खालून चढू शकत नव्हतं, वरून उतरू शकत नव्हतं. दुसरा कुणी असता तर पेढे वाटत सुटला असता.

“आढळल्या नाहीत?” मास्तर ओरडले. “माझ्या आजोबांच्या सात खुणा, आणि आढळल्या नाहीत? बाईंचा हात होता एकोणिसावीवर! हात!”

“अहो, पण वाट वाचली ना?”

“वाट वाचली म्हणून काय झालं? कागद दे. अर्ज लिही.”

बायकोने कागद घेतला, पेन झटकलं. मास्तर येरझाऱ्या घालत सांगू लागले. प्रत्येक खुणेसाठी वेगळा अर्ज हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेराव्या खुणेच्या तिसऱ्याच ओळीला बायको म्हणाली, “जरा सावकाश. आणि ओरडू नका, मी कार्यालय नाही.”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले आणि कान चोळत पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.