ओंडक्यावरून गेलेलं पिल्लू

मुलांच्या चित्रपुस्तकांत मावशींनी एकोणतीस वर्षं काढली होती. त्या खरं तर आमच्या प्रकाशनातल्या एका मुलीच्या मावशी. पण भाची हाक मारते म्हणून संपादकबाईंसकट सगळेच त्यांना मावशी म्हणू लागले. मी तिथे मजकूर तपासायचो. त्यांचं टेबल माझ्यापासून दोन हातांवर, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आमचं पहिलं स्क्रीनवरचं पुस्तक निघायचं होतं. गोष्ट अस्वलाच्या पिल्लाची. वाटेत नदी आडवी येते. लाकडी पुलावरून जायचं की कुजक्या ओंडक्यावरून, ते वाचणाऱ्या मुलानं बोट लावून ठरवायचं. जिथे बोट लागेल तिथून पुढची गोष्ट. चित्रं मावशींची, आणि ती हलती-बोलती करायचं काम भाचीचं.

मावशींना हे मनापासून पटलं नव्हतं. "सांगणाऱ्यानं सांगावी, ऐकणाऱ्यानं ऐकावी. दर पानावर विचारत बसलं तर ती गोष्ट कसली?" असं त्या माझ्याकडे म्हणायच्या. तरी भाचीच्या शब्दाखातर त्यांनी एकोणीस चित्रं काढली. एक राहिलं: ओंडक्यावरून पडलेलं पिल्लू पाण्याबाहेर कसं येतं, ते. आज देते, उद्या देते करत त्यांनी ते लांबवलं. शेवटी भाचीनं निक्षून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाठवलंय. बघ तुझ्या फाइलींत."

पाठवलं होतं ते नुसतं निळं पाणी. भाचीनं मावशीच्या भरवशावर ते नीट न बघताच जोडून टाकलं. पुस्तक मुलांच्या हाती देऊन बघायच्या चाचणीच्या आदल्या दुपारी मावशींनी मला हळूच सांगितलं, "कुठलं शहाणं मूल ओंडक्यावर जाईल? पुस्तक निघायच्या आत देते काढून." मी गप्प बसलो. बसायला नको होतं.

चाचणी एका वाचनालयाच्या बालविभागात होती. चटईवर बारा मुलं, दोघांत एक टॅबलेट. संपादकबाई वही उघडून खुर्चीत, भाची मुलांमध्ये, मावशी दाराजवळ. एकेका स्क्रीनवर पूल करकरत होता, पिल्लू पलीकडे जात होतं. पाच झाले. मावशींचे खांदे जरा सैल पडले.

सहाव्या टॅबलेटवर गुडघ्याला पट्टी बांधलेली, पाच-सहा वर्षांची मुलगी होती. तिनं दोन्ही वाटा नीट पाहिल्या आणि ओंडक्यावर बोट ठेवलं.

ओंडका मोडला. पिल्लू पाण्यात गेलं. मग पाणीच पाणी.

तिनं बोट लावलं. पाण्यावर वर्तुळं उठली, विरली. पुन्हा लावलं. पुन्हा वर्तुळं.

"ते वर कधी येणार?" तिनं विचारलं.

भाचीनं स्क्रीनकडे पाहिलं, मग दाराकडे. मावशींनी मान खाली घातली. भाचीला काय कळायचं ते कळलं.

शेजारचा मुलगा म्हणाला, "बुडालं ते."

बाकीची मुलं सरकत सरकत जवळ आली. मुलगी आता दोन बोटांनी पाणी बाजूला सारायला बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. संपादकबाई वही मिटून म्हणाल्या, "पहिल्यापासून सुरू करून द्या तिला."

भाचीनं हात पुढे केला. मुलीनं टॅबलेट छातीशी धरला. "नको. मग हे आतच राहील."

मावशी दारापासून निघाल्या ते थेट चटईवर येऊन बसल्या. पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली. पहिली रेघ वेडीवाकडी आली.

"चूक माझी आहे," त्या मुलीला म्हणाल्या. "पुढचं चित्र मी काढलंच नाही. आता काढते. कोण काढतं गं त्याला बाहेर? आई?"

"कुणी नाही. त्याचं तेच येतं."

"कसं?"

मुलीनं विचार केला. "तिथे झाडाचं मूळ आहे. ते धरतं. एकाच हातानं. दुसरा दुखतोय."

मावशींनी मूळ काढलं, त्याला घट्ट धरलेला पंजा काढला. मुलगी कागदावर वाकून बघत होती. "डोळे मिटलेले नकोत," ती म्हणाली. मावशींनी खोडून उघडे काढले. भिजलेलं, रागावलेलं, जिवंत पिल्लू. मग कुठे मुलीनं टॅबलेट खाली ठेवला. मघाशी पिल्लू बुडालं म्हणणारा मुलगा म्हणाला, "मलापण ओंडक्यावरून जायचंय."

दुसऱ्या दिवशी संपादकबाईंनी, न बघता पान जोडलंच कसं म्हणून, खोलीत बोलावून भाचीलाच फैलावर घेतलं. मावशी न विचारता आत गेल्या आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. आपल्याला हा प्रकारच पटला नव्हता आणि ते तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, हेसुद्धा. बाईंनी पुस्तक दोन महिने पुढे ढकललं आणि मुखपृष्ठाचं काम मावशींकडून काढून घेतलं.

भाची चार दिवस मावशींशी बोलली नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मला खोटं का सांगितलंस? नाही जमत म्हणाली असतीस तर मी थांबले असते."

"तुझ्यासमोर जुनी झाले असं दिसायला नको होतं," मावशी म्हणाल्या.

पुस्तक निघालं, मुळाचं पान त्यात आहे. त्यानंतर दोघींनी मिळून आणखी तीन पुस्तकं केली. भाची आता प्रत्येक वाट शेवटपर्यंत स्वतः उघडून बघते. तेवढा वेळ मावशी शेजारी बसतात, हात मांडीवर ठेवून, आणि ती "ठीक आहे" म्हणेपर्यंत उठत नाहीत.