सहा तासांवरचं न्यूयॉर्क

मुंबईहून न्यूयॉर्क सहा तासांवर आहे, हे मी स्वतः गणित करून काढलं होतं. तिकिटावर सुटायची वेळ रात्री एक आणि पोहोचायची सकाळी सात. वजाबाकी मला लहानपणापासून येते.

धाकट्या मेहुणीचं तिकडे बाळंतपण होतं आणि जाण्यासारख्या फक्त सासूबाई होत्या. त्या हेंद्रेपाड्यातून एकट्या कधी कल्याणच्या पुढे गेल्या नव्हत्या. एवढा वेळ अधांतरी बसणं आपल्याला जमायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. बायको समजावून थकली, मेहुणी फोनवर रडून थकली. तेव्हा मी माझे सहा तास पुढे केले. म्हटलं, "आई, एसटीने कोल्हापूर गाठायला याहून जास्त लागतात."

"एवढंच होय? मग जाते की," सासूबाई म्हणाल्या.

(बायकोला शंका आली होती. पण तिला विमानाच्या वेगाची कल्पना नाही, हे मी तिला नीट समजावून दिलं.)

सासूबाईंना रात्रीच्या विमानात बसवून आलो आणि सकाळी सात वाजता मी मोठ्या रुबाबात मेहुणीला फोन लावला. आई आल्या का?

"भावोजी, इथे अजून कालची रात्र आहे. तिकिटावरचे सात इथल्या घड्याळातले. पंधरा-साडेपंधरा तास लागतात."

फोन स्पीकरवर होता! बायको चहा गाळत होती. त्या दिवशी आमच्या कात्रपच्या घरात चहा एकच कप झाला, आणि तो माझा नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे सारखं एकच: सासूबाई पिशवी घेऊन विमानाच्या दाराशी उभ्या आहेत आणि खाली नुसता समुद्र.

संध्याकाळी फोन आला. "जय भीम जावईबापू. पोचले हो."

सहा तास झाल्यावर त्या खरंच पदर खोचून, पिशवी मांडीवर घेऊन तयार बसल्या होत्या. हवाई सुंदरीने अजून नऊ तास आहेत म्हटल्यावर त्यांनी पिशवी छातीशी आवळली. पण शेजारी उल्हासनगरची एक सिंधी बाई भीतीने रडत होती. तीही पहिल्यांदाच निघालेली.

"मग मी काय रडत बसू? तिला म्हटलं, 'अभी आयेगा, बस थोडाच बाकी है.' दर तासाला तेच सांगत गेले. तिनं मला पापड दिले. न्यूयॉर्क आलं तेव्हा दोघी झोपलेल्या."

मी माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, "खरं सांगितलं असतंत तर मी घराचा उंबरा ओलांडला नसता. लेक इथे एकटी पडली असती. बरं केलंत."

धन्य ती बाई! मला एकदम कर्तबगार वाटायला लागलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, येताना किती तास लागतील? मी परतीच्या तिकिटाचा कागद उघडला. तिकडून सकाळी अकराला निघायचं, इथे दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. मी बोटं मोजायला घेतली. चांगले पंचवीस तास भरले.

बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"आई, येतानाचं मी सांगेन. यांचे तास ऐकलेस ना, तर नातवाचं लग्न लावूनच परत येशील."