तांबड्या पाण्याचा ओढा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. मठातल्या स्वामींपाशीही नाही — आणि त्यांच्यासमोर तर मी दर सोमवारी मांडी घालून बसतो. मग तुम्हांलाच कशाला सांगतोय? तुम्ही माझ्या गावचे नाही म्हणून असेल. राहू द्या. कारणं शोधत बसलो की मूळ गोष्ट बाजूला पडते, आणि बाजूला पाडण्यात मी पटाईत आहे.

आधी मी कोण ते सांगतो. खटकचिंचोळीचा बसप्पा. आमचं भुसाराचं दुकान, शिवाय माझी जीप भालकीपासून बिदरपर्यंत माणसं नेते-आणते. आसपासच्या गावांत मला मान आहे — आणि तुमच्यापाशी कशाला लपवू, तो मला आवडतो. बांधाचं भांडण असो, भावाभावांची वाटणी असो, पंचांत मला बोलावतात. मी बोललो की विषय मिटतो. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत, बारशापासून मातीत जाईपर्यंत. त्याची पूजा झाल्याशिवाय घास तोंडात जात नाही. ते मुठीत धरून माणूस बोलला, तर पुढे कुणी साक्ष मागत नाही. आणि मी लिंग धरून कधी खोटं बोलत नाही, हे भालकी तालुक्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यांना हे कुणी सांगितलं, माहीत आहे? दिगंबरनं.

दिगंबर माझा दोस्त. भालकीजवळच्याच मेहकरचा, मराठ्यांचा, चांगल्या बागायतदाराचा पोरगा. आम्ही भालकीच्या शाळेत एका बाकावर बसून उर्दू गिरवलं, मराठीत एकमेकांना शिव्या दिल्या आणि कानडीत मास्तरांची नक्कल केली. पोलीस अ‍ॅक्शन झाली, रझाकारांची भीती गेली, आणि थोड्याच दिवसांनी हैदराबादला लष्कराच्या जुन्या जिपा लिलावात निघाल्या. आम्ही दोघांनी एकेक उचलली. मी दुकानाच्या जोरावर. त्यानं बापाच्या हातापाया पडून, दावणीचे बैल विकायला लावून. दोघांचा बेत एकच — रस्ते नाहीत, मोटारी नाहीत, आपण प्रवाशांची सर्व्हिस काढू. त्याची मेहकरकडून, माझी चिंचोळीकडून.

मला जीप चालवता येत होती. दिगंबरला जीप कळत होती. हा फरक बघणाऱ्याला लगेच दिसायचा, आणि मला तर फारच दिसायचा. चारही चाकांना जोर देणारी एक छोटी दांडी असते त्या गाडीत, मोठ्या दांडीच्या शेजारी. काळ्या रानात चाक बसणार हे त्याला आधीच कळायचं, हात आपसूक त्या दांडीवर जायचा. मी चाक बसल्यावर दांडी शोधायचो. जळायचो का मी त्याच्यावर? थोडा जळायचो. पण खरं सांगतो, त्या दिवशीचं जळण्यातून झालं नाही.

येळवस झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडे सगळी घरं शेतात जेवायला जातात. उरलेले बाजरीचे उंडे, भज्जी, गाडगंभर आंबील — एवढं बांधून घेतलं. एक जुना लष्करी तंबूही होता. मन्नाएखेळ्ळीच्या पुढे, गुलबर्ग्याच्या अंगाला डोंगर आहेत, जंगल आहे. तिथं जाऊन राहायचं, जिपांना दमवायचं, बस्स. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "थंडीच्या दिवसांत जंगलात कोण जायलंय रे? येड लागलं का तुमाला?" खरंच कुणी जात नाही त्या दिवसांत. ज्वारी पोटऱ्यात असते, जो तो आपल्या रानात असतो. पण दोन जिपा, दोन पोरं, आणि कुणाची भीती उरलेली नाही — आम्हांला कोण अडवणार होतं?

पहिला दिवस मोठा मजेत गेला. एक कोरडा ओढा ओलांडून पलीकडच्या माळावर तंबू ठोकला. त्याच्या जिपेनं जो चढ घेतला तो मीही घेतला, दोन फेऱ्या जास्त मारून. आणि संध्याकाळी आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस, तोही असा गार की अंगावर पडला की हाडं दुखायची. तंबू जुना, शिवणीतून गळत होता. लाकडं भिजली, चूल पेटेना. गार आंबील पिऊन आम्ही पोत्यांखाली कुडकुडत पडलो. सकाळी बघतो तर दिगंबरला ताप. डोळे लाल, दात वाजतायत. पाऊस चालूच. आणि येताना कोरडा असलेला ओढा आता भरून वाहत होता.

परत जायचं तर तो ओलांडायला हवा होता. थांबायचं तर खायला काही उरलं नव्हतं, आणि त्याचा ताप चढत होता.

आता इथं आमच्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे माती दोन तऱ्हेची. भालकीकडे काळी, बिदरकडे तांबडी. पाणी काळं गढूळ असेल तर तळाला चिखल, पाणी तांबडं असेल तर तळाला मुरूम — चाकाला टणक. गाडीवान असंच बघतात. त्या ओढ्याचं पाणी तांबडंलाल होतं. पण बघून भागत नाही. भरल्या ओढ्यात आधी माणूस उतरतो, काठी टेकत टेकत पार जातो, परत येतो, आणि मग गाडी. हेही आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

दिगंबर तापात उठून काठी शोधायला लागला. मी म्हटलं, तू बस, मी बघून येतो. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आणि काठी घेऊन खाली गेलो.

काठावर करंजाची झाडी होती. त्या झाडीमागे गेलो की जिपेतून दिसत नाही. मी पाण्यात पाय घातला. घोट्यापर्यंत. गार पाण्यानं पाय बधिर झाला, आणि वरून कसलं तरी झाड उपटून वाहत आलं, माझ्यासमोरून गेलं. मला पोहता येत नाही. मी भ्यालो. दुसरं काही नाही, भ्यालो. पाय काढून घेतला आणि काठावर उभा राहिलो. मनाशी म्हटलं, पाणी तांबडं आहे ना, मग तळाला मुरूमच. बघायचं काय त्यात? आणि मग मी काय केलं माहीत आहे? खाली वाकलो, काठाचा तांबडा चिखल ओंजळीत घेतला आणि पँटला चोळला. आधी गुडघ्यापर्यंत. मग वाटलं, कमी दिसतंय — म्हणून मांडीपर्यंत.

आलो तर दिगंबर जिपेत बसलेला, अंगावर पोतं. त्यानं माझ्या पँटकडे बघितलं. म्हणाला, "बघितलास का नीट?" म्हटलं, "व्हय. तळाला मुरूम हाय. मांडीएवढं पानी. सरळ जा." त्याच्या जागी मी असतो तर तेवढ्यावर गेलो असतो. पण त्याच्या बापाचे बैल होते त्या जिपेत. तो हसून म्हणाला, "लिंग धरून सांग की."

मी सदऱ्यात हात घातला. डबी मुठीत घेतली. आणि सांगितलं.

तो पुढे गेला. पुढे तो का? कारण त्याचा हात चांगला, हे आमच्यात न बोलता ठरलेलं. शिवाय मी म्हटलं, मी मागं दोर घेऊन थांबतो. त्यानं काठावरच छोटी दांडी ओढली, हळूहळू उतरला, अगदी सरळ गेला. मी सांगितलं होतं तसा. सुताएवढी गाडी वाकडी केली नाही त्यानं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मधोमध गेल्यावर पुढची चाकं खाली गेली. तांबडं पाणी वरच्या डोंगराचं होतं, तळाला काळा गाळच होता. त्यात खड्डा. काठी टेकवत गेलो असतो तर मला लागलाच असता. इंजिन पाणी प्यायलं आणि गप्प झालं.

मी दोर फेकला. त्यानं कमरेला बांधला, मी ओढून त्याला काठावर आणला. जिपेला दोर लावायला पाणी कुणाला थांबतंय? दुपारपर्यंत ओढा आणखी चढला, जीप कलंडली आणि वाहत जाऊन खालच्या खडकांवर आपटली. एक चाक अर्धं पाण्यावर राहिलं होतं, ते पाण्याच्या जोरानं फिरत होतं. आम्ही दोघं माझ्या जिपेत बसून ते बघत होतो.

एवढंच असतं, तर कदाचित हे मी कधीतरी सांगून टाकलं असतं. भीतीपोटी खोटं बोललो — माणसं असं बोलतात, आणि कबूल करतात. पुढचं ऐका.

मग दिगंबर बोलला. ताप फणफणलेला. त्यानं मला विचारलं नाही, की तू खरंच उतरला होतास का. त्याच्या मनात ते आलंच नाही. त्यानं विचारलं, "बसप्पा, माझं काय चुकलं रे?"

त्या वेळी सांगता आलं असतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "तू घाबरलास. मधी गेल्यावर चाक वळवलास."

का म्हणालो? मला आजही नीट सांगता येत नाही. भीती माझी होती, ती कुठंतरी ठेवायची होती, आणि समोर तोच होता. तो विचार करत बसला. मग मान हलवली. म्हणाला, "व्हय. वळलं आसंल."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मी वरच्या अंगाला गेलो, काठी घेऊन, आणि आता मात्र पूर्ण पार जाऊन आलो. तिथं टणक मुरमाचा उतार होता. आदल्या दिवशीही तो तिथंच होता. माझी जीप सहज निघाली.

मेहकरला त्याच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा त्याच्या आईनं भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. तिच्या पोराला मी पाण्यातून ओढून काढलं होतं ना. बाप तुळशीपाशी बसला होता, त्यानं एकदाच विचारलं, पाणी बघितलं नव्हतं का? दिगंबर म्हणाला, "बसप्पानं बघितलंतं आबा. लिंग धरून सांगिटलंतं. मीच घाबरलो." मी तिथं उभा होतो. पायरीवर एक पाय, खाली एक पाय. त्याच्या आईनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आणि मी हातपाय धुऊन, लिंगाची पूजा करून, पोटभर जेवलो.

त्यानंतर दिगंबरनं गाडीला हात लावला नाही. मी म्हटलं, माझी घे, एक दिवस तू चालव. म्हणाला, "नको. माझा हात धीराचा न्हाई." ज्याच्या हाताकडे बघून मी शिकलो, तो असं म्हणायला लागला, आणि पुढे पुढे सगळं गाव म्हणायला लागलं. पोरं त्याला चिडवायची. तो हसायचा. बापाच्या शेतात गेला, दुसऱ्याचे बैल उसने आणून नांगर धरला. सर्व्हिस माझी एकट्याची झाली, मेहकरकडूनही. आणि जिथं बसेल तिथं तो एकच सांगायचा — चूक माझी होती, बसप्पा खोटं बोलत नाही. पंचांत मला पहिल्यांदा बोलावलं ते त्याच्या सांगण्यावरून.

हैदराबाद स्टेट मोडलं, बिदर म्हैसूरकडे गेलं, त्या साली पावसाळ्यात आम्ही मन्नाएखेळ्ळीकडे एका लग्नाला निघालो होतो. दिगंबर माझ्या शेजारी बसला होता, मागं वऱ्हाडी. वाटेत ओढा आडवा आला. मी गाडी थांबवली, उतरलो, काठी घेऊन पार गेलो आणि परत आलो. हे मी आता दर ओढ्याला करतो. घोटाभर पाणी असलं तरी करतो. लोक त्याचंही कौतुक करतात. मागचं कुणीतरी कुरकुरलं, तर दिगंबर म्हणाला, "बसप्पा बघून आलाय न्हवं? मग कामून भेताव?"

गाडी पाण्यात घातली. मधे आलो आणि चाक दबायला लागलं. मला ते कळायच्या आधी शेजारी काहीतरी हललं. दिगंबरचा उजवा हात मांडीवर होता. त्याची मूठ वळली आणि मागं आली — छोटी दांडी ओढावी तशी. त्याचं लक्ष तिकडं नव्हतं, तो समोर बघत होता. मग मी माझी दांडी ओढली. गाडी वर आली.

पलीकडच्या काठावर मी गाडी थांबवली. म्हटलं असतं, दिगंबर, इकडं ये, तू बस इथं. म्हटलं असतं, तू चाक वळवलं नव्हतंस. त्यानं विचारलं, "कामून थांबलास?" मी म्हटलं, काही नाही. आणि पुढे निघालो.

मेहकर माझ्या दुकानापासून लांब नाही. दिगंबर आहे, धडधाकट आहे, बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसतो, चहा पितो. मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगितलं. त्या ओढ्यात तो घाबरला नव्हता. मी घाबरलो होतो.